ठमाबाईंचा वीस बाय तीस

१

तुम्ही कधी मोबाइलमधला एखादा फोटो दोन बोटांनी ताणत नेलाय का, समोरचं माणूस दिसेनासं होईपर्यंत?

नेला असेलच. आधी चेहरा जवळ येतो, मग गाल, मग नुसता डोळा, आणि मग एकदम चौकोन. मातकट, भुरे, करडे चौकोन. त्यांच्यापलीकडे काही नसतं. उरणच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे बसून गेली एकवीस वर्षं मी लोकांना हेच समजावते, आणि लोक मी त्यांना फसवत असल्यासारखं माझ्याकडे बघतात. मोबाइलवर तर क्लिअर दिसतो, म्हणतात. तळहाताएवढ्या काचेवर सगळंच क्लिअर दिसतं. दारात लावायला चार फुटांचा करून मागता तेव्हा कळतं, आत काय आहे ते.

मी बारावी झालेय. कॉम्प्युटर मला माझ्या मिस्टरांनी, दत्तात्रेयांनी, शिकवला. ते लग्नं आणि हळदी शूट करायला बाहेर असतात, दुकानातलं मोठं करायचं काम माझं. त्यांनी शिकवलेली रीत अशी, की फोटो एका उडीत मोठा करायचा नाही. दहा टक्के वाढवायचा, थांबायचं, बघायचं, पुन्हा दहा टक्के. वेळ लागतो, पण कडा फाटत नाहीत. हल्ली एका बटणात चेहरा लख्ख करून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती आपल्या मनाने डोळे भरतात. त्यांतून करून आणलेल्या चार गावांतल्या चार म्हाताऱ्या सख्ख्या बहिणी वाटतात, आणि मुलं म्हणतात, हुबेहूब आई. आईकडे कधी नीट बघितलं असतं तर म्हणाली नसती.

माझ्या रीतीत मशीन पदरचं काही घालत नाही. जे ठिपके आहेत तेच ताणतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मीच ते विसरायचा फार प्रयत्न केला.

२

धनेश आला तो मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. सोबत बायको, कल्पिता. त्याचे आठ ट्रेलर बंदराच्या रस्त्यावर चालतात. बाजारात त्याला शेठ म्हणतात आणि त्याला ते आवडतं.

"वैनी, आयचा फोटू मोठा करायचा हाय. वीस बाय तीस. वरती चंदनाचा हार बसला पायजे, तेवढी जागा सोड."

मी हातातली कात्री खाली ठेवली. त्याच्या आईला, ठमाबाईंना, मी चांगली ओळखत होते.

"अगं बाई. कधी गेल्या?"

"गेली न्हाय अजून," धनेश म्हणाला. "पनवेलला हॉस्पिटलात हाय. डॉक्टर बोलला दोन दिवस, जास्तीत जास्त तीन."

मी कल्पिताकडे बघितलं. ती फोनवर बोट फिरवत होती.

"त्याचं काय झालं ताई," ती मान वर न करता म्हणाली, "आमचे चुलतसासरे गेले ना, तेव्हा फोटोच तयार नव्हता. मांडवात खुर्चीवर आधार कार्डाचा फोटो मोठा करून ठेवलेला. लोक फुलं वाहायला यायचे आणि तोंड दाबून हसायचे. अजून बोलतात."

"आपल्याकडं तसं न्हाय होणार," धनेश म्हणाला. "नाक्यावरचा बॅनर पण बोलून ठेवलाय. खाली फक्त तारीख टाकायची बाकी हाय."

आमच्या भागात हे नवीन नाही. कोणी गेलं की दोन तासांत नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागतो, आणि कोणाचा किती मोठा लागला ते लोक बघतात. पण माणूस श्वास घेत असताना हाराची जागा सोडायला सांगणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं. मला राग आला नाही. राग यायला समोरच्याची थोडी किंमत असावी लागते.

"फोटो द्या," मी म्हटलं.

कल्पिताने व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यांच्या लेकीच्या, अमिषाच्या, हळदीतला. चौदा माणसं, मागे झेंडूच्या माळा, आणि मधोमध हिरव्या लुगड्यात ठमाबाई, मांडीवर हळदीचं ताट. मागे धनेश उभा, त्याचा उजवा हात आईच्या खांद्यावर.

"एवढ्या गर्दीतला? एकटीचा नाही कुठला?"

"आयला फोटूची आवड न्हवती."

त्या हळदीला मुंबईहून फोटोग्राफर आणले होते. दोन ड्रोन उडत होते. गावातल्या म्हशीसुद्धा त्या व्हिडिओत दोनदा आल्यात.

"मग निदान हाच डॉक्युमेंट करून पाठवा," मी कल्पिताला सांगितलं. "असा पाठवला की व्हॉट्सअॅप त्यातला जीव काढून घेतं. मूळ फाइल पाहिजे मला."

"हो, पाठवते ताई."

तिने पाठवला नाही. दुपारी मी दोनदा मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या, फोटो आला नाही.

३

ठमाबाई बारा वर्षं आमच्या दुकानाच्या पायरीवर भाजी विकायला बसायच्या. कारली, भेंडी, दिवसांत असतील तेव्हा वालाच्या शेंगा. स्वतःच्या शेतातलं. पुढे ते शेत धनेशने कंटेनरच्या यार्डाला देऊन टाकलं, घरात ट्रेलर आले, आणि आई पायरीवर बसते याची धनेशला लाज वाटायला लागली. एक दिवस तो पाटी उचलून गाडीत टाकून घेऊन गेला. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मी कितीदा म्हटलं असेल, मावशी, आत या, तुमचा एक छान फोटो काढते.

"माझा फोटू कशाला गं? मी हाय ना हिथंच."

फार बोलायच्या नाहीत. पण एक खोड होती, ती सगळ्या बाजाराला माहीत होती. तोलून झाल्यावर कोणी गुपचूप चार शेंगा जास्त उचलायला हात घातला, की त्यांचा हात यायचा आणि मनगट धरायचा. ओरडणं नाही, शिवी नाही. फक्त मनगट धरायचं आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचं. शेंगा पाटीत पडेपर्यंत. मोठमोठे बापे लालबुंद व्हायचे. मिठागरात काम केलेला हात तो, सुटायचा नाही.

ज्याने त्यांचं सगळं शेत उचललं त्याचं मनगट मात्र त्यांनी कधी धरलं नाही. निदान मी बघितलं नाही.

४

दुपारी दुकान अर्धं ओढून मी आतल्या खोलीत बसले. खिडकी नाही तिथे. कॉम्प्युटर, कटिंगचं टेबल आणि भिंतीला लागून रोलचा मोठा प्रिंटर. तो अधूनमधून आपला आपणच शाई साफ करतो, तेव्हा घशात काही अडकल्यासारखा आवाज येतो. नवीन माणूस दचकतं, मला सवय आहे.

ठमाबाईंना गर्दीतून वेगळं काढलं. मांडीपर्यंतची बाई, रुंदीला जेमतेम अडीचशे ठिपके. वीस इंचाला निदान तीन हजार लागतात. दहा टक्क्यांनी म्हणजे सव्वीस वेळा.

आधी खांद्यावरचा धनेशचा हात पुसला. हे नेहमीचंच. एकटं माणूस गर्दीतून काढलं की कोणाचा तरी हात उरतो, त्याच्यावर शेजारचं कापड ओढून घ्यायचं. लुगड्याचा हिरवा रंग घेतला, बोटं झाकली. मग मांडीवरचं ताट, त्याच्यावर त्यांचे दोन्ही हात. ताट ठेवलं, छान दिसत होतं.

एकेका डोळ्याला जेमतेम दहा-बारा ठिपके होते. त्यांतून नजर कुठे आहे ते सांगणं कठीण, पण समोर, कॅमेऱ्याकडे असावी. हळदीत सगळे समोरच बघतात.

सहाव्या वाढीला नजर समोर होती. म्हणजे मी तसं धरून चालले होते.

दहाव्या वाढीला मी चहा घेतला आणि परत येऊन बसले. ठमाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. बुबुळं किंचित त्यांच्या उजवीकडे सरकली होती.

मी हसले. माझ्याच शंकेला हसले. वाढवताना कडांचे रंग एकमेकांत मिसळतात, करडं पांढऱ्यात जातं, बुबुळ पसरतं. होतं असं. अकरा, बारा, तेरा.

चौदाव्याला नजर उजवीकडे आणि थोडी वर होती.

बुबुळ पसरलं तर दोन्ही बाजूंना पसरेल. एकाच बाजूला आणि वर, दोन्ही डोळ्यांत सारखंच, कसं पसरेल?

५

मिस्टरांना फोन लावला. ते पेणच्या बाजूला एका साखरपुड्याला गेले होते, मागे बेंजो वाजत होता.

"फोटोतले डोळे हलतात का हो?"

"काय?"

मी सांगितलं.

"सुचिता, जेवलीस का तू?" ते म्हणाले. "पहिल्यापासून कर. मधल्या फाइली उडव आणि पहिल्यापासून कर. नायतर सरळ नवीन सॉफ्टवेअरमध्ये टाक आणि दे. त्या शेठला कुठं आयचे डोळे ठाऊक हायत?"

हे मात्र खरं होतं.

नवीन सॉफ्टवेअरमध्ये टाकायला माझा हात धजला नाही. बारा वर्षं माझ्या पायरीवर बसलेल्या बाईला दुसऱ्याच कुणाचे डोळे लावायचे, ते धनेशने करावं. मी पहिल्यापासून केलं. हात पुन्हा पुसला, आणि या वेळी दर वाढीनंतर नजर कुठे आहे ते मी पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेले. समोर, समोर, समोर. दहाव्याला, उजवीकडे. चौदाव्याला, उजवीकडे वर.

पंधराव्याला खांद्यावरचं हिरवं विटलं. चार डाग आले, बोटांच्या रंगाचे, शेजारी शेजारी. मी ते पुसले होते. एकदा नाही, दोनदा पुसले होते, आणि पुसून सेव्ह केलेली फाइलच पुढे वाढवत होते.

मशीन पदरचं काही घालत नाही. मग त्या अडीचशे ठिपक्यांत हे सगळं आधीपासून होतं म्हणायचं का?

प्रिंटरने घसा साफ केला. मी खुर्चीतून उठले, अर्धं ओढलेलं शटर पूर्ण वर केलं. बाहेर कडक ऊन होतं, समोरचा पाववाला पेंगत होता. पायरीवर कोणी नव्हतं. मी कशाला बघितलं पायरीकडे, मला सांगता येत नाही.

मनात एकच येत होतं. ठमाबाई अजून आहेत, आणि मी इथे बसून त्यांचा गेल्यानंतरचा फोटो पुरा करतेय. हा सव्वीसपर्यंत गेला तर तिकडे त्या संपतील. वेडेपणा आहे, कळत होतं. पण वेडेपणा कळला म्हणून बोट पुढे जात नव्हतं. थांबायचं ठरवलं. दुसरा फोटो मागायचा.

६

धनेशला फोन केला तेव्हा तो हॉस्पिटलच्या आवारात होता. मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"धनेशभाऊ, हा फोटो नाही होत. डोळे बिघडतात. दुसरा शोधा, नाहीतर मूळ फाइल तरी पाठवा."

"डोळे कोण बघतंय वैनी? हार घातला का कपाळ तेवढं दिसतं."

"बघा ना घरात, कोणाकडे तरी असेल."

"टाइम न्हाय आता. डॉक्टर बोलला आज जाईल न्हायतर उद्या पहाटं. मंडपवाला थांबलाय, केटरर थांबलाय, सगळ्यांना आडवान्स गेलाय. आय काय, बघ तू, अडून बसलेय सकाळपासून. मगाशीच बोलले व्हते संपलं म्हणून." तो थांबला, आणि मग अगदी सहज म्हणाला, "तुमचं फोटूवाल्यांचं पण असंच. चार ठिपके पसरवायचे आणि उपकार केल्यासारखं करायचं. होत नसंल तर सांग, नवी मुंबईत दहा दुकानं हायत."

"तुम्ही आईजवळ बसला आहात का?" मी विचारलं.

"बसतो की संध्याकाळपासून. हात धरून बसायला लागतं ना. लोक बघतात."

मी फोन ठेवला.

त्या चार डागांवरून आणि त्या नजरेवरून मला तोपर्यंत एक गोष्ट कळली होती, जी मी त्याला सांगितली नाही. ठमाबाई कुठे बघत होत्या ते मी मूळ चौदा जणांच्या फोटोवर पट्टी ठेवून बघितलं होतं. त्यांच्या उजवीकडे वर, खांद्याच्या मागे, धनेशचं तोंड होतं.

मी म्हणू शकले असते, भाऊ, आज आईचा हात धरू नका. तो हसला असता. हसू द्यायचं होतं, सांगायचं होतं. पण मला त्या माणसाचा वीट आला होता, आणि ज्याचा वीट आला त्याला सांगायला तोंड उघडत नाही. मी परत आत गेले आणि सोळा ते सव्वीस न थांबता, न बघता केलं. स्क्रीनवर मी कॅलेंडर धरलं होतं. फक्त आकडे दिसत होते.

७

मोठा प्रिंट वरून खाली उतरत येतो. आधी कोरा कागद, मग पार्श्वभूमी, मग डोकं, बोटभर बोटभर. वीस बाय तीसला बारा-तेरा मिनिटं लागतात. एरवी मी तेवढ्यात फ्रेमची काच पुसून घेते.

त्या दिवशी मी समोर उभी राहिले.

हाराची जागा आली. पांढरे केस आले, मधला भांग. कपाळ. शाईचं हेड इकडून तिकडे धावत होतं आणि दर फेरीला एक रेघ खाली सरकत होती. भुवया. मग डोळे.

दहा-बारा ठिपक्यांतून ताणलेले डोळे. ओले, अगदी स्वच्छ. माझ्याकडे नाही, बाजूला वर. पाटीच्या मागे बसलेली बाई उभ्या गिऱ्हाइकाकडे बघते तसे.

रद्द करायचं लाल बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबलं असतं तर कागद तिथेच कापला गेला असता. मला वाटलं, दाबावं. मग वाटलं, नवी मुंबईत दहा दुकानं हायत. मी बोट उचललं.

नाक, तोंड, गळ्यातली पोत. खांद्याचं हिरवं सुरू झालं आणि चार बोटं आली, नखांसकट, अंगठीसकट. मी मान खाली केली. मग ताट उतरलं. पूर्ण ताट, त्यातली हळद, हळदीतली सुपारी.

ताटावर एकच हात होता.

दुसरा कुठे आहे ते बघायला मला मान वर करून पुन्हा खांद्याकडे बघावं लागलं असतं. मी ओझरतं बघितलं. अंगठीच्या वर, मनगटाशी काहीतरी सावळं होतं, मिठाने भेगाळलेलं. एवढंच सांगू शकते. कागद कापला गेल्याचा आवाज झाला आणि मी तो उलटा करून गुंडाळला.

पाच वाजता धनेश आला, गाडी चालूच ठेवून. "फ्रेम बाहेरून करून घ्या," मी म्हटलं. त्याने काउंटरवर गुंडाळी उलगडली, दोन्ही हातांनी धरली. मी शटरकडे बघत राहिले.

"बघ, होत न्हाय होत न्हाय करत होतीस," तो म्हणाला. "एकदम मस्त आलाय. साइज पण बरोबर. आय हसतेय कशी बघ."

हळदीच्या त्या फोटोत ठमाबाई हसत नव्हत्या.

"धनेशभाऊ," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. मावशींना सांगा, सुचिता विचारत होती."

"कोणाला सांगू? शुद्ध कुठं हाय तिला," तो हसत म्हणाला. गुंडाळी काखेत मारून, किल्ली उडवत तो पनवेलकडे गेला.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ठमाबाईंना शुद्ध आली आणि त्यांनी नर्सकडे चहा मागितला. धनेश त्यांच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेलेला होता, आणि त्याचं मनगट आईच्या हातातून सोडवायला दोन माणसं लागली. साडेनऊला कल्पिताचा मला फोन आला, की त्याच हळदीच्या फोटोतून धनेशला वेगळं काढायचं आहे, वीस बाय तीस, हाराला जागा सोडून. फोटो या वेळी तिने डॉक्युमेंट करून पाठवला होता.